भाड्यानं दिलेलं गाणं

मी घर सोडलं त्या सकाळी बीडची एसटी एका ताटापायी खोळंबली होती. वळकटी, हार्मोनियम आणि मी असे तिघं आधीच बसमध्ये चढून बसलो होतो. आई खाली उभी राहून खिडकीतून दशम्यांचं गाठोडं आत सरकवत होती. कंडक्टरनं डबल बेल दिली, तशी आई सरळ बसच्या पुढं जाऊन उभी राहिली. "थांबा वो जरा, ताटावर नाव पडायलंय," ती ड्रायव्हरला म्हणाली. ड्रायव्हर चौसाळ्याच्या फाट्यावर रोज थांबणारा, त्याला यात काही वावगं वाटलं नाही. हायवेच्या कडेलाच आमचं भांड्यांचं दुकान, आणि दुकानातून नाव टाकायच्या मशीनची टर्रर्र सगळ्या फाट्यावर ऐकू येत होती. त्यानं इंजिन बंद केलं आणि तंबाखू मळायला घेतली.

अण्णा, म्हणजे माझे वडील, गळ्यातल्या टॉवेलनं ताट पुसत आले आणि त्यांनी ते खिडकीतून आत दिलं. काठावर टिंबाटिंबांनी कोरलं होतं: ना. शि. चौसाळा. नागनाथ शिवलिंग, म्हणजे स्वतः अण्णाच. मी हिरमुसलो. आमच्या दुकानातून भांडं विकलं गेलं की त्यावर घेणाऱ्याचं नाव पडतं, लेकीला दिलं की लेकीचं. माझ्या थोरल्या बहिणीच्या, रेखाताईच्या लग्नात तर चमच्यांवरसुद्धा तिचं नाव होतं. ना. शि. चौसाळा हा शिक्का फक्त भाड्याच्या भांड्यांवर असतो. ती भांडी लग्नाच्या पंगतीला जातात आणि पोचे पाडून घेऊन परत येतात. मला वाटलं, घर सोडून निघालेल्या एकुलत्या एका पोराला निदान स्वतःच्या नावाचं ताट तरी मिळावं. पण बस खोळंबली होती, आणि अण्णांचं बोलणं सुरू झालं होतं.

"गाणं करायचं तर कर," ते खिडकीच्या गजाला धरून म्हणाले. "पर एक ध्यानात ठिव. तुझं गाणं अख्खं, कुणी मधी न बोलता मला ऐकू आलं पायजे. थेट्रात म्हन, टीव्हीत म्हन. तवर मी ह्याला धंदा म्हननार न्हाई. माझे गुडघे चालतेत तवर तुला मोकळीक हाय. गुडघे गेले की गप वापस यायचं अन् गल्ल्यावर बसायचं."

'कुणी मधी न बोलता' ही अट उगाच आलेली नव्हती. गावाकडच्या लग्नांत मी गायचो तेव्हा अण्णा भांड्यांबरोबर तिथं असायचेच. मी डोळे मिटून आलाप घ्यावा आणि माईकवाल्यानं मधेच सांगावं, एमएच तेवीस पांढऱ्या बोलेरोचे मालक, गाडी बाजूला घ्या. मी पुन्हा सूर लावावा, तर आष्टीहून आलेल्या पाहुण्यांनी जेवून घ्या. माझं एकही गाणं अण्णांनी सलग ऐकलेलं नव्हतं, आणि त्यांच्या मते त्यात बोलेरोवाल्याचा दोष नव्हता. गाण्यात दम असता तर लोकांनी गाडी तशीच राहू दिली असती, असं त्यांचं म्हणणं.

हे सगळं मी लिहितोय ते तुम्हा दोन्ही तऱ्हेच्या लोकांसाठी. तुम्ही, जे चौसाळ्यात राहिलात आणि अजून मला विचारता की तू मुंबईत नेमकं करतोस काय. आणि तुम्ही, जे माझ्यासारखेच पुण्याला, हैदराबादला, शारजाला जाऊन बसलात आणि आपण करतो काय हे घरी सांगता सांगता ज्यांच्या तोंडाला फेस येतो. कंपनीत असल्याचं सांगितलं की निदान सुटका तरी होते. मला तीही सोय नव्हती.

मुंबईत पहिला गोंधळ नावाचा झाला. माझं नाव मन्मथ. आपल्याकडं लिंगायत घरांत ढिगानं मन्मथ असतात, कुणी किराणा विकतो, कुणी खत. अंधेरीत मात्र मदनाचं हे नाव सांगितलं की लोक आधी माझ्याकडं, मग पोटाकडं बघायचे आणि खोकल्याचं निमित्त करून तोंड फिरवायचे. महिनाभरात मी मॅनी झालो. घरून फोन आला आणि मित्रानं "मॅनी, तुझ्या घरचा" असं ओरडून सांगितलं, की पलीकडं आईला 'मयत' ऐकू यायचं आणि ती विचारायची, "कोन मेला?"

गाण्यांच्या जगातही मला लवकरच कळलं की तिथं माणूस गाणं घेऊन दारोदार हिंडत नाही. गाणी एका म्युझिक लायब्ररीत ठेवतात. मालिकावाले, जाहिरातवाले, सिनेमावाले तिथं येऊन हवं ते निवडतात आणि ठरावीक वापरासाठी घेतात. गाणं तुमचंच राहतं, आज एका मालिकेत गेलं, उद्या दुसऱ्या जाहिरातीत. प्रत्येक गाण्यावर चिठ्ठ्या लावाव्या लागतात: 'हॅपी', 'सॅड', 'रूरल', 'फेस्टिव्ह'. माझा सगळ्यात जास्त उठणारा माल 'सॅड रूरल'चा निघाला. हिंदी मालिकेत कुठल्याही प्रांतातलं खेडं दुःखी झालं की त्यामागं बऱ्याचदा चौसाळ्याची पातेली वाजतात, हे कुणाला सांगून खरं वाटणार नाही.

पातेली म्हणजे खरीच पातेली. अण्णांची एक सवय आहे. भाड्याचं भांडं परत आलं की ते आधी बोटाच्या पेरानं वाजवून बघतात. टण्ण वाजलं तर ठीक, भद्द वाजलं तर कुठंतरी चीर आहे. मी शाळेतून आलो की हेच काम माझ्याकडं असायचं. पंगतीच्या भाताची मोठी डेग खालच्या सुरात बोलते, परात जरा चढ्या, आणि चेपलेली बादली कुठल्याच सुरात बोलत नाही, हे मी तिथं शिकलो. मुंबईत लोकांनी विचारलं, तुझा साऊंड कुठून येतो, तेव्हा मी फार विचार केल्यासारखा चेहरा करून 'फोक' असं सांगायचो.

पहिलं गाणं टीव्हीवर येणार म्हटल्यावर आईनं सगळी गल्ली घरात बोलावली. मी एक अंगाई दिली होती, फार मायेनं केलेली. मालिकेत ती लागली तेव्हा थोरली जाऊ धाकटीच्या खिरीत विष कालवत होती. एक ओळ, मग खिरीचा क्लोजअप, मग जावेचं हसणं, आणि अंगाई खलास. आईचा लगेच फोन आला. "आरं, ती सटवी इख कालवायली तवाच तुझं गाणं कावून लावलं त्यांनी?" मी सांगितलं, ते तसंच असतं, त्याला कॉन्ट्रास्ट म्हणतात. आईनं ते गल्लीला जसंच्या तसं सांगितलं, आणि बरेच दिवस आमच्या गल्लीत विष घालण्याला कॉन्ट्रास्ट म्हणत होते.

दुसरं गाणं सुगीचं होतं, ठेक्याचं. ते एका गुन्ह्यांच्या कार्यक्रमात चहाच्या टपरीवर रेडिओतून वाजलं आणि त्याच वेळी टपरीमागं प्रेत सापडलं. तिसरं गाणं वाजत असताना नायिका जिन्यावरून पडली. चौसाळ्यात बोभाटा झाला की मन्मथचं गाणं लागलं की घरातलं कुणीतरी जातंय. शेजारच्या काकू तर गाणं सुरू होताच देवापुढं दिवा लावायला उठायच्या.  अण्णा फक्त मोजूनमापून एकच प्रश्न विचारायचे, "मधी कोन बोललं?" आणि मधे नेहमीच कुणीतरी बोललेलं असायचं.

मग मी विचारायचो, "गुडघे कसे आहेत?" पोरगा आपल्या तब्येतीची एवढी काळजी करतो म्हणून अण्णांना भरून यायचं. माझ्या मनात गल्ला असायचा.

त्यातच एकदा फोनवर अण्णा म्हणाले, "गाणी इकून इकून संपली की काय करशील?" मी वैतागून सांगितलं, "अण्णा, मी गाणी विकत नाही. तुमच्यासारखीच भाड्यानं देतो. वापरायची आणि सोडायची. मालकी माझीच राहते."  मग अण्णा म्हणाले, "मंग हे आधी कावून न्हाई सांगितलंस?" त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा मऊ वाटला. मी खूश झालो. ते एक वाक्य पुढं मला केवढ्याला पडणार आहे याची मला काय कल्पना.

गेल्या दिवाळीत मी माईक घेऊन घरी आलो आणि दुकानामागच्या गोदामात भांड्यांचे आवाज धरले. अण्णा गिऱ्हाइकांना दारातच थोपवत होते. "जरा दम धरा, पोरगं डेगीचा आवाज घ्यायलंय." त्या आवाजांवर मी एक पंगतीचं गाणं बांधलं. 'वाढा गं आधी नवरीला, उद्या ती वाढील सगळ्यांला.' आपल्याकडं लग्नात नवरी सगळ्यात शेवटी, गार झालेलं जेवते, ते मी लहानपणापासून पाहत आलोय. रेखाताई तर तिच्या लग्नात उपाशीच गाडीत बसली होती. गाणं तयार झालं तेव्हा मला स्वतःलाच कळलं की हे 'सॅड रूरल'मध्ये टाकायचं नाही. ते मी अण्णांच्या फोनमध्ये ठेवलं, त्यांची भांडी कशी वाजली ते त्यांना ऐकू यावं म्हणून. जाताना बजावलं, "अण्णा, हे कुणाला द्यायचं नाही." अण्णा म्हणाले, "बरं."

मुंबईत ते गाणं एका सिनेमासाठी निवडलं गेलं. सिनेमासाठी गाणी निवडायचं काम तानिया मॅडमकडं होतं. त्या म्हणाल्या, नायिकेच्या लग्नाचा प्रसंग आहे, अख्खं गाणं वाजेल, संवाद अजिबात नाहीत. मी दोनदा विचारलं, अजिबात? त्या म्हणाल्या, अजिबात. अट एवढीच की गाणं एक्सक्लुझिव्ह हवं, म्हणजे सिनेमा येईपर्यंत ते जगात कुणीही ऐकलेलं नको. मी सही करून घरी फोन लावला. तर रेखाताईनं उचलला. "अण्णा बसलेत गुडघ्याला पट्टा बांधून," ती म्हणाली. "डॉक्टर म्हनले, आता दुकानाची पायरी बास करा."  म्हणजे आता सगळं या एका गाण्यावर होतं.

थोड्याच दिवसांत तानिया मॅडमनी मला एक व्हिडिओ पाठवला, खाली काही न लिहिता. आष्टीकडचं लग्न. ट्रॅक्टरवर रचलेले भोंगे, पुढं पंगत बसलेली, आणि डीजेवाला माईकवर सांगतोय, "आता ऐका, चौसाळ्याच्या नागनाथ अण्णांकडून खास भाड्यानं आनलेलं गाणं!" आणि मग माझं गाणं. अख्खं. मॅडमच्या असिस्टंटचं आजोळ तिकडचं होतं, त्याच्या मावशीनं कौतुकानं धाडलेलं. मॅडम फोनवर थंडपणे म्हणाल्या, "हे अजून घरच्या ग्रुपमध्येच आहे म्हणून बोलतेय. बाहेर गेलं तर आमच्या दृष्टीनं गाणं संपलं." मी मिळेल ती बस पकडली.

दुकानात पोचलो तेव्हा एक गृहस्थ लग्नाहून भांडी परत घेऊन आले होते. अण्णा खुर्चीत बसून एकेक पातेलं पेरानं वाजवून आत पाठवत होते. सगळी भांडी झाल्यावर त्या गृहस्थांनी खिशातून मोबाईल काढून मुकाट्यानं काउंटरवर ठेवला. रेखाताईनं तो उचलला, त्यातलं गाणं काढून टाकलं. "कचऱ्याच्या डब्यातलं बी काढ," अण्णा म्हणाले. तिनं तेही काढलं. मग अण्णांनी ड्रॉवर उघडून एक मनगटी घड्याळ त्यांना परत केलं. ते अनामत होतं. ड्रॉवरमध्ये आणखी घड्याळं होती, म्हणजे आणखी गाणी बाहेर होती. काउंटरच्या कडेला बुंदीचे पुडे रचलेले होते. गाण्याचं भाडं अण्णा पैशांत घेत नव्हते, पंगतीतली बुंदी घेत होते.

"अण्णा!" मी ओरडलो. "मी म्हणालो होतो ना, कुणाला द्यायचं नाही?"

"दिलं कुठं?" अण्णा शांतपणे म्हणाले. "भाड्यानं दिलतं. तूच म्हनलास ना, आपन इकत न्हाई, भाड्यानं देतो. डेगीसंगट गाणं. बघ की, एक बी गाणं वापस आल्याबिगर ऱ्हायलं न्हाई."

"आमी बुंदी खाऊन खाऊन कटाळलो," आतून आई म्हणाली. "आता लोकं म्हनतेत, तुझ्या गाण्यानं कुणी मरत न्हाई."

मी डोक्याला हात लावून बसलो आणि त्यांना सगळं सांगितलं. सिनेमा, अट, व्हिडिओ. अण्णांनी व्हिडिओ नीट पाहिला. आधी त्यांना डीजेवाल्यानं घेतलेलं आपलं नाव आवडलं, ते स्पष्ट दिसत होतं. मग त्यांचा चेहरा पडला. "गाणं वापस आलं, अन् झाकण तिथंच ऱ्हायलं म्हन की," ते म्हणाले. भाड्याच्या भांड्यांत झाकण मागं राहणं ही आमच्याकडं सगळ्यात मोठी नामुष्की. दुसऱ्या दिवशी सकाळी ते गुडघ्याला पट्टा बांधून दारात उभे. "चल, आष्टीला जायचंय." मी म्हणालो, तुम्हाला चालवत नाही, मी एकटा जातो. "तुला कोन वळखतंय तिथं?" ते म्हणाले. "झाकण आणायला मालकानं जायचं असतंय."

आम्ही शेजाऱ्याच्या टेम्पोतून गेलो. त्या गावात अण्णा घरोघर हिंडले, कुठं पायरी चढून, कुठं नुसतं अंगणात खुर्ची टाकून. सगळीकडं तेच बोलणं. राम राम झाला, पाणी झालं, मग अण्णा म्हणायचे, "मोबाईल काढा. आमचं झाकण ऱ्हायलंय तुमच्यापाशी." लोक हसायचे, मग अण्णांचा चेहरा बघून मोबाईल काढायचे. कायद्याचं नाव कुणी काढलं नाही. नागनाथ अण्णा दुखऱ्या गुडघ्यांनी स्वतः आलेत म्हटल्यावर नाही म्हणायचं कुणाला सुचलंच नाही. एक तरुण फक्त म्हणाला, "कावून वो अण्णा, एक ऱ्हाऊ द्या की!" अण्णा म्हणाले, "उद्या माझी डेग ठिवून घेशील का?" त्यानं मोबाईल पुढं केला. मी मागून मोबाईल घेऊन ग्रुपमधला व्हिडिओ पुसत होतो आणि प्रत्येक घरात माझ्याच गाण्याचा नायनाट करत होतो.

शेवटचं घर नवऱ्या मुलाचं. तिथं जेवल्याशिवाय सोडायची बातच नव्हती. नवी सून, सविता तिचं नाव, मोबाईल घेऊन आली आणि माझ्या हातात देताना घुटमळली. "दादा, हे गाणं तुमचं हाय?" मी हो म्हणालो. ती म्हणाली, "गाणं लागलं अन् सासूबाई पंगतीतून उठल्या. त्यांनी पयलं ताट मला दिलं. गरम गरम. लग्नात पोटभर जेवलेली मी एकलीच आसंल आमच्या घरात." तिची सासू स्वयंपाकघराच्या दारातून म्हणाली, "आगं पुसू दे की. मोबाईलमधलं जाईल, तोंडातलं कुठं जातंय?"

आणि खरंच, आम्हाला वाढताना त्या गायला लागल्या. आधी सासू, मग तिची जाऊ, मग सविता. चाल थोडी बदलली होती, दोन शब्द माझ्यापेक्षा बरे होते. वाजवायला काही नव्हतं, तर सासूबाई उलथन्यानं परातीच्या काठावर ठेका धरत होत्या. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत गाणं झालं. अंगणात पुरुषमंडळी होती, पोरं होती, दारात टेम्पोवाला घाई करत होता. मधे कुणी बोललं नाही. अण्णा घास हातात धरून खाली मान घालून बसले होते. गाणं संपल्यावर त्यांनी तो घास तोंडात घातला आणि भाजीत मीठ बरोबर पडल्याचं सांगितलं. मला रडू येत होतं. मी ते ठेच्यावर ढकललं.

येताना टेम्पोत अण्णा पट्टा सोडून गुडघे चोळत बसले. बाहेर राहिलेली गाणी परत येऊन ड्रॉवरमधली उरलेली घड्याळंही गेली, तेव्हा मी तानिया मॅडमना कळवलं की व्हिडिओ पुसून झाले. त्यांनी असिस्टंटकडून खात्री करून घेतली आणि म्हणाल्या, ठीक आहे, गाणं ठेवतो. पण हे कसं केलं, ते विचारल्यावर मी 'लीगली' एवढंच म्हणालो.

सिनेमा लागला तेव्हा आम्ही बीडच्या थिएटरात एक अख्खी रांग धरली. आई, रेखाताई, तिचा नवरा, शेजारच्या काकू, आणि कडेच्या खुर्चीत पाय लांब करून अण्णा. लग्नाचा प्रसंग आला. मांडव, पंगत, आमच्या डेगीचा पहिला ठोका. काकूंनी सवयीनं हात जोडले. पहिली ओळ सुरू झाली, आणि मांडवात नायक शिरला. एडिटिंगमध्ये कुणाला तरी हे सुचलं असणार, मला कुणी सांगितलं नव्हतं. "थांबवा हे लग्न!" तो म्हणाला आणि मग बोलतच राहिला. आईवडिलांबद्दल बोलला, इज्जतीबद्दल बोलला, मातीबद्दल बोलला. मागं कुठंतरी, बोलेरोच्या घोषणेसारखं त्याचं भाषण अंगावर घेत, माझं गाणं चाललं होतं.

अण्णा खुर्चीचा हात धरून उठले. "आरं लेका," ते पडद्यावरच्या नायकाला म्हणाले, "गाणं तर संपू दे. मंग मोड की लग्न!"

थिएटर हसलं, शिट्ट्या पडल्या. मी खुर्चीत एवढासा झालो. शेवटी पडद्यावर नावं सरकायला लागली, माझं आलं तेव्हा लोक उठून चपला शोधत होते. मी मनातल्या मनात अंधेरीची खोली रिकामी केली, हार्मोनियमला खोळ घातली आणि गल्ल्यावर जाऊन बसलो. बाहेर रिक्षाची वाट बघताना मीच म्हणालो, "अण्णा, अख्खं नाही ऐकू आलं तुम्हाला. आता तुमचे गुडघेही असे. मी येतो परत."

"कावून?" अण्णा म्हणाले. "थेट्रात न्हाई ऐकू आलं. आष्टीत आलतं की."

एवढंच. मग ते रिक्षावाल्याशी भाड्यावरून हुज्जत घालायला लागले. रेखाताईनं मला कोपरानं ढोसलं. त्या आठवड्यापासून गल्ल्यावर ती बसते. तिचं सासर चौसाळ्यातच, हिशेब तिचा चोख. अण्णांना हे आधी सुचलं नव्हतं. तिला मात्र लग्नाआधीपासून सुचलेलं होतं, फक्त कुणी विचारलं नव्हतं.

मुंबईला निघताना या वेळी बस खोळंबली नाही. तेच जुनं ताट पिशवीत होतं, कारण मी प्रत्येक वेळी ते बरोबर आणतो, त्यात आई काहीतरी बांधून देते. अण्णा फाट्यापर्यंत काठी टेकत आले. इतकी वर्षं पोटात ठेवलेलं मी शेवटी विचारलं, "अण्णा, तुम्ही या ताटावर माझं नाव का नाही टाकलं?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मी अजून चड्डीतच आहे. "जे देऊन टाकायचं, त्याच्यावर दुसऱ्याचं नाव पडतंय," ते म्हणाले. "जे वापस यायचं, त्याच्यावर आपलं. भांड्याच्या दुकानात जन्मलास ना बे?"

बस आली. मी चढलो आणि खिडकीशी बसून बीडपर्यंत त्या टिंबांवरून बोट फिरवत राहिलो. मला वाटत आलं होतं की या माणसानं मला घालवून दिलं आणि वर एक अट लावून दिली. आणि ह्यांनी तर मला मुंबईला फक्त वापरायला दिलं होतं.

तुमच्यातले जे गाव सोडून गेले, त्यांच्यासाठी घर म्हणजे काय ते प्रत्येकाचं वेगळं असेल. कुणाला आईच्या हातचं आठवतं, कुणाला शेत. माझं आता असं झालंय की मी घरी पोचलो की अण्णा आधी पिशवीतून ताट काढायला लावतात. खुर्चीत बसल्या बसल्या ते पेरानं वाजवतात, कान देतात, बाजूला ठेवतात. मग मला खाली वाकायला सांगतात. माझ्या टाळक्यावर तेच पेर वाजवतात, तसाच कान देतात आणि आत हाक मारतात, "मन्मथची आई, आलं गं वापस. चीर न्हाई."